माइची पानं, आईंचे डोळे

सायगॉनला जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला अंगणात उभं केलं आणि माइच्या झाडाच्या खोडावर हात ठेवून अट घातली.

"एक डोळा तेतच्या आधी करून घेते. तेतच्या पहिल्या सकाळी ही फुललेली दिसली, तर दुसराही करीन. नाही फुलली, तर दुसऱ्याचं नाव कुणी काढायचं नाही. क्वेन, ऐकलंस?"

"ऐकलं, आई."

"दिएप, तू ऐकलंस?"

माझी नणंद दिएप सामान बांधत होती. तिने आईंकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षं ती आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपायी विनवत होती, रडत होती, भांडत होती. एकदा तर रुसून तिने महिनाभर फोन केला नव्हता. एवढं करून आईंनी होकार दिला तो असा, झाडाला मध्ये घालून. दिएप दाराशी मला हळूच म्हणाली, "वहिनी, त्या झाडाची काळजी घे गं. माझी आई आता त्याच्या हातात आहे."

मी हसले. झाड तीस वर्षांचं, घराच्या कौलांपर्यंत गेलेलं, आणि एकही वर्ष चुकलेलं नाही. बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला आम्ही त्याची पानं हाताने खुडतो, एकूण एक. झाड उघडं पडलं की कळ्या जाग्या होतात आणि पंधरा दिवसांनी, बरोबर तेतला, म्हणजे नव्या वर्षाच्या पहाटे, पिवळंजर्द फुलतं. यात चुकण्यासारखं काय होतं? पानं आधी गळली तरच घोटाळा, मग फुलंही आधी येऊन जातात आणि तेतला दारात काड्या. पण आमच्या माइची पानं आधी कधी गळली नव्हती.

आईंना दिसत नव्हतं म्हणजे किती दिसत नव्हतं, तेही सांगते. आमच्याकडे लग्नात सासू नवरीच्या कानात सोन्याच्या बाळ्या घालते. माझ्या लग्नात आईंनी त्या थेट माझ्या करवलीच्या कानाकडे नेल्या. करवली बिचारी हलेना की बोलेना. शेवटी माझ्या नवऱ्याने, तोआनने, आईंचा हात धरून माझ्याकडे वळवला आणि अख्खा मांडव हसला. आई स्वतःही हसल्या. पण त्या दिवसापासून मला ठाऊक होतं की माझ्या सासूने माझं तोंड पाहिलेलं नाही.

अकराव्या महिन्याच्या सुरुवातीला त्या गेल्या. त्याच महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमाराला मी अंगण झाडत होते तर केरात माइची पानं जास्त वाटली. वर पाहिलं. पश्चिमेकडच्या फांद्यांवर पानं तांबूस पडली होती, काही तर पार तपकिरी.

शेजारच्या ताम काकांना हाक मारली. काका म्हणजे आमच्या कालव्याकाठचे सर्वज्ञ. तेही माइवाले, त्यांच्या दारात दोन झाडं. कुंपणावरूनच त्यांनी मान वर केली आणि निकाल दिला.

"खारं पाणी. दुसरं काय असणार? यंदा समुद्र लवकर वर चढलाय. कालव्याचं पाणी चाखलंस का?"

मी कालव्यावर जाऊन ओंजळभर पाणी जिभेला लावलं. खारट होतं की नव्हतं? भीतीने चाखलं तर सगळंच खारट लागतं. आणि आमच्याकडे खाऱ्या पाण्याची धास्ती अशी की कुणाला पडसं झालं तरी आम्ही आधी कालव्याकडे बघतो. चार वर्षांपूर्वी त्याच पाण्याने निम्म्या गावाच्या फळबागा वाळल्या होत्या. तेव्हा मी दुसरं काही मनातच आणलं नाही.

घरामागे पावसाच्या पाण्याचे सहा रांजण भरलेले होते. ते पाणी चहाला, भाताला, आणि पाहुण्यांना. मी त्यातून बादल्या भरायला लागले आणि माइच्या मुळांशी ओतायला लागले. सकाळी सहा, संध्याकाळी सहा.

तोआन नारळ वाहणाऱ्या होडीवरून चार दिवसांनी घरी आला, तर चहा कालव्याच्या पाण्याचा.

"हे काय गं? चहा आहे की माशाचं सार?"

"पावसाचं पाणी झाडाला लागतंय."

"वा. म्हणजे झाडाने चहा प्यायचा आणि मी कालवा."

"झाडाने डोळा द्यायचाय तुझ्या आईला. तू काय देणारेस?"

त्याने तो चहा संपवला. त्याने तोंड मात्र असं केलं की मला दुसरा कप विचारायचा धीर झाला नाही.

दहा दिवसांत साडेचार रांजण रिकामे झाले आणि पानं गळायची काही थांबली नाहीत. उलट तांबूसपणा खोडाजवळून पूर्वेकडे सरकायला लागला. ताम काका रोज कुंपणाशी येऊन च्‌ च्‌ करायचे. एक दिवस म्हणाले, "यंदा प्लॅस्टिकची फुलं बांध. हल्ली बाजारात झकास मिळतात." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचे दोन दिवस ते कुंपणाकडे फिरकले नाहीत.

आई रोज फोनवर एकच विचारायच्या. जेवलात का, तोआन कुठे आहे, हे सगळं नंतर. आधी, "पानं कशी आहेत?"

"हिरवी आहेत, आई."

इतकं सहज खोटं मला बोलता येतं हे मला स्वतःलाच नवीन होतं. तिकडे रक्तातली साखर उतरेना म्हणून डॉक्टर डोळ्याला हात लावत नव्हते, आणि दिएप म्हणत होती, आई रात्री झोपत नाही, सारखी झाडाचं विचारते. आता आईंना काय सांगायचं, की तुमचं झाड उतरणीला लागलंय?

मग महिनाअखेरीला दिएपने चेहरा दिसतो तसला फोन केला. "वहिनी, जरा झाड दाखव. आईला नाही दिसत, पण मी बघून सांगते. त्याशिवाय ती औषध घेणार नाही म्हणते."

माझी पाचावर धारण बसली. फोन हातात, झाड समोर, अर्धं तपकिरी. आणि मग मी जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. मी चालत कुंपणापाशी गेले आणि फोन ताम काकांच्या माइकडे वळवला. त्यांची माइ हिरवीगार, तकतकीत.

"अय्या, किती छान!" दिएप म्हणाली. "आई, एकदम हिरवं आहे बरं का. एकसुद्धा पान खराब नाही."

मी श्वास सोडला, आणि नेमका त्याच वेळी काकांच्या वळचणीला टांगलेला होला घुमायला लागला. घु घु घुऽ, घु घु घुऽ. पिंजरा माझ्या डोक्यापासून दोन हातांवर होता.

मग आईंचा आवाज आला.

"क्वेन."

"काय, आई?"

"तामचा होला तुझ्या कानात काय करतोय?"

मी फोन पिंजऱ्यापासून लांब धरला.

"आपल्या माइखालून त्याचा होला लांबून ऐकू येतो. मी तीन वर्षं तिथेच बसते. तू तामच्या कुंपणाशी उभी आहेस. दिएप, फोन इकडे दे. हं, क्वेन, बोल आता, काय झालंय?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं. तांबूस पानं, खारं पाणी, साडेचार रांजण, रोजचं हिरवी-हिरवी. बोलता बोलता वाटत होतं की आता त्या म्हणतील, संपलं, मी घरी येते. दिएप मागून "वहिनी! वहिनी!" करत होती.

आई म्हणाल्या, "रडून झालं की आपल्या झाडाखाली जा."

गेले.

"तांबूस पान आहे का हाताशी? तोडू नकोस. डोळे मीट आणि पानाच्या खालच्या अंगावरून बोट फिरव. कसं लागतं?"

"खरखरीत. पिठासारखं काहीतरी."

"आणि कडा? कुरकुरीत, वाळलेल्या?"

"नाही. कडा मऊ आहेत."

"पानांच्या बेचक्यात बोट घाल. चिकट धागा लागतो?"

बोटाला बारीक जाळं लागलं. मी डोळे उघडून जवळून पाहिलं. जाळ्यावर लाल ठिपके होते, सुईच्या टोकाएवढे, आणि ते चालत होते.

"खाऱ्या पाण्याने पान कडेपासून जळतं," आई म्हणाल्या. "हे लाल कोळी आहेत. कोरडा वारा सुटला की पानाच्या खाली बसतात आणि रस पितात. तू मुळाला पाणी पाजत बसलीस, आणि ते वर मजेत जेवत होते. दोन डोळे असून तुम्ही सगळे कालव्याकडेच बघता."

मला जे हलकं वाटलं ते सांगता येत नाही. झाड मरत नव्हतं. झाडाला फक्त किडे झाले होते! किडे मारता येतात, समुद्राला कोण मारणार? मी फोनवरच हसायला लागले, नाकात पाणी तसंच. आई म्हणाल्या, "हसू नकोस, लिहून घे."

आलं, लसूण, मिरची ठेचून तांदळाच्या दारूत भिजवायची, गाळून पाण्यात मिसळून पानांच्या खालून फवारायची. आणि त्याच्या आधी साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पानं खालून पुसून काढायची, हाती लागतील तितकी. वाळून गेलेली तेवढी काढायची, बाकी एकही खुडायचं नाही.

"नाहीतर तिला वाटेल पौर्णिमा आली," आई म्हणाल्या, "आणि पंधरा दिवस आधीच फुलून बसेल."

दारू घरात एकच होती, तोआनने पाहुण्यांसाठी मातीच्या बरणीत मुरवलेली. तो घरी आला तेव्हा मी तिच्यात मिरच्या ओतत होते.

"अगं, अगं! दोन वर्षांची आहे ती!"

"कोळ्यांना आवडेल मग."

"आईने सांगितलं?"

"आईंनी सांगितलं."

त्याने बरणीकडे असं पाहिलं, जणू मुलगी सासरी निघाली आहे. मग गुपचूप शिडी घेऊन आला. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ झाडावर. तो वर, मी खाली, हातात ओलं फडकं, एकेक पान. पहिल्या दिवशी फडकं विटकरी रंगाचं झालं. तोआन वरून म्हणाला, "लहानपणी आईने माझं तोंडसुद्धा एवढं पुसलं नसेल." उरलेल्या दीड रांजणातलं पाणी आता मी वाटीने मोजून वापरत होते. ताम काका कुंपणाशी येऊन बघायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना त्यांच्याच माइचं एक पान उलटं करून दाखवलं. दोन ठिपके चालत होते. काकांनी त्या दिवसापासून सल्ले बंद केले आणि उरलेलं मिरचीपाणी मागून नेलं.

बाराव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी सायगॉनहून फोन आला, डोळा झाला. साखर उतरली होती. दिएप म्हणाली, "वहिनी, तू खरं बोललीस त्या दिवसापासून ती झोपायला लागली." हे ऐकून मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले ती बराच वेळ उठले नाही.

पण झाडाचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पूर्वेकडची पानं वाचली. पश्चिमेकडची बाजू मात्र आधीच निम्मी उघडी पडली होती आणि तिथल्या कळ्या फुगायला लागल्या होत्या. आईंनी फोनवर सांगितलं तसं आम्ही त्या बाजूला पोती बांधली, ऊन अडवलं, गार पाणी शिंपडलं. पौर्णिमेला पूर्वेची पानं खुडली. ते काम दरवर्षी आईच सुरू करायच्या. यंदा पहिलं पान मी खुडलं.

पश्चिमेच्या फांद्यांनी पोती-बिती जुमानली नाहीत. चोविसाव्या दिवशी त्या फुलल्या, सगळ्या एकदम. अंगण उजळून निघालं आणि मी कपाळाला हात लावला. तेतला अजून सहा दिवस होते आणि माइचं फूल तीन दिवसांच्या वर टिकत नाही. पूर्वेच्या कळ्या अजून हिरव्या, घट्ट मिटलेल्या, आणि त्यात कळ्या मिटूनच ठेवणारा गार वारा सुटलेला.

सव्विसाव्या दिवशी दिएप आईंना घेऊन आली. आईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा. अंगणाच्या फाटकापाशी त्या थांबल्या, तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "मला मागच्या दाराने न्या. अट पहिल्या सकाळची आहे. त्याआधी मी बघणार नाही."

मागच्या दाराने स्वयंपाकघरात आल्या. मी चुलीपाशी होते. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. उजवा डोळा अजून लाल होता. मला काय करावं कळेना, म्हणून मी पळीच घट्ट धरून ठेवली.

"तू क्वेन?"

"हो, आई."

"मला वाटायचं तू उंच असशील. आवाज उंच बाईचा आहे."

तोआन दारात पोट धरून हसायला लागला. आईंनी माझ्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि निरखून पाहिलं, खूप वेळ. मग म्हणाल्या, "डोळ्यांखाली काळं झालंय. झोपत नाहीस?" आणि चष्मा लावून खोलीत गेल्या.

झोप कुठली! ते चार दिवस मी रोज सकाळी कोमट पाणी करून पूर्वेच्या बाजूच्या मुळांशी घालत होते. तसं केलं की कळ्या उमलायची घाई करतात. पश्चिमेची फुलं रोज गळत होती. दिएप खिडकीतून झाडाकडे बघायची आणि मग माझ्याकडे. शेवटच्या दिवशी सूर्य मावळताना मी मोजलं. पूर्वेला पाच कळ्यांच्या टोकांना पिवळा रंग दिसत होता. पाच.

पहिल्या सकाळी उजाडता उजाडता मी दार उघडलं. पूर्वेच्या फांदीवर अकरा फुलं उमलली होती आणि बाकीच्या कळ्या तोंड उघडत होत्या. पश्चिमेला मागाहून उमललेली तीनचार, आणि त्यांच्याखाली अंगणभर वाळायला लागलेल्या पाकळ्यांचा सडा. तेतच्या पहिल्या दिवशी घरात, अंगणात केर काढत नाहीत, नशीब बाहेर जातं. त्यामुळे तो सडाही झाकायची सोय नव्हती.

दिएपने आईंना हाताला धरून आणलं. मागे तोआन, आणि कुंपणापलीकडे नवे कपडे घालून ताम काका. आईंनी चष्मा काढला.

आधी वर पाहिलं, मग खाली जमिनीवर. पाकळ्यांवरून चालत झाडाला एक फेरी घातली. एक कोवळं पान उलटं करून नाकाशी नेलं, कोळी आहेत का बघितलं. कळ्यांवरून बोट फिरवलं, सवयीने. मग हाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्याने झाडाकडे पाहिलं. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा. अर्धं झाड फुलून गेलेलं, अर्धं फुलायचं राहिलेलं. याला फुललं म्हणायचं की नाही म्हणायचं, हे त्यांच्या हातात होतं.

"दिएप," आई म्हणाल्या.

"काय, आई?"

"दवाखान्याची तारीख कोणती म्हणालीस?"

दिएपने तोंडावर हात ठेवला. पहिल्या दिवशी आजाराचं, औषधाचं, दवाखान्याचं नाव काढायचं नाही, हा नियम आमच्या घरात सगळ्यांत कडक पाळणारी बाई म्हणजे आईच. एका तेतला तोआन नुसता खोकला म्हणून त्याला दुपारपर्यंत बोलू दिलं नव्हतं.

"आई! आज पहिला दिवस आहे!"

"असू दे. ह्या डोळ्याला अकरा फुलं मोजता येतात, आणि हा दुसरा डोळा मध्ये येऊन सगळं पिवळं धुकं करून टाकतो. एवढं झाड पुसून ठेवलंय पोरीने, आणि मी अर्धंच बघायचं? तारीख सांग."

"पहिल्या महिन्याची... वीस तारीख."

"बरं. क्वेनला सांग, तेव्हाही झाडाकडे लक्ष ठेव म्हणावं."

मी दोन हातांवरच उभी होते. पहिल्या दिवशी रडू नये, वर्षभर रडावं लागतं म्हणतात. मी तिथेच पाकळ्यांत बसून पोटभर रडले, आणि मला कुणीही गप्प केलं नाही.